‘तक्रार करून काही उपयोग नाही’ : फिरत्या सल्ल्याला मुद्द्यागणिक उत्तर

रस्त्यात कुणी अंगाला हात लावला किंवा घाणेरडं बोललं, की मोबाईलवर एक सल्ला हमखास फिरतो. पोलीस एनसी लिहून बोळवण करतात, हद्दीवरून टोलवतात, पुरावा मागतात, मग कोर्टाच्या चकरा. त्यापेक्षा तिथेच दोन कानाखाली वाजवा आणि विषय संपवा. यातला संताप खरा आहे, टोलवाटोलवीचे अनुभवही खरे आहेत. पण सल्ला चुकीचा आहे. मुंबई समोर ठेवून एकेक मुद्दा घेऊ.

‘एनसीच होते.’ एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपासच होत नाही. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगाच्या हेतूने अंगाशी झटणं (कलम 74), लैंगिक शेरे किंवा नकोसा स्पर्श (75), पाठलाग (78) आणि शब्द-हावभावांनी केलेला अपमान (79) हे चारही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. 74 तर अजामीनपात्र, शिक्षा 1 ते 5 वर्षं. तरीही एनसी होते, आणि त्यामागचं एक मोठं कारण जबाबाच्या कागदावर दिसतं. तिथे ‘छेड काढली’, ‘गैरवर्तन केलं’ एवढंच उतरलेलं असतं. सांगणारीला संकोच वाटतो, लिहिणारा सौम्य शब्द शोधतो आणि कागदावर गुन्हा उरतच नाही. म्हणून कृती लिहायची. उदाहरणार्थ: ‘सायंकाळी 7.40 च्या सुमारास दादर पश्चिमेला पुलाच्या पायऱ्या उतरत असताना निळा चौकडीचा शर्ट घातलेल्या, अंदाजे 35 वर्षांच्या अनोळखी इसमाने समोरून येऊन उजव्या हाताने माझी छाती दाबली. मी ओरडताच तो फूलबाजाराच्या दिशेने पळाला.’ शिवी किंवा शेरा जसाच्या तसा, ज्या भाषेत दिला त्याच भाषेत. सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचा. गाळलेला शब्द परत घालायला लावा. या गुन्ह्यांची खबर महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते.

तरी नकार मिळाला तर? 74 किंवा 79 ची खबर नोंदवून न घेणं हा न्याय संहितेच्याच कलम 199 खाली त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा आहे, किमान 6 महिने सक्तमजुरीचा. हे ठाण्यात शांतपणे, कलमाच्या आकड्यासह सांगा. पुढची पायरी म्हणजे तीच तक्रार डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) टपालाने पाठवणं आणि त्यानंतर दंडाधिकारी. 3 ते 7 वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करता येते हे खरं, पण वरिष्ठांच्या परवानगीने आणि 14 दिवसांच्या आत. महिनाभर ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

‘आमची हद्द नाही.’ स्टेशनच्या पुलावर हे फार घडतं: शहर पोलीस रेल्वेकडे बोट दाखवतात, रेल्वे पोलीस शहराकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर नोंदवावीच लागते. कागद योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम. ऑनलाइन पाठवली तर 3 दिवसांत जाऊन सही करायची. लोकलमध्ये किंवा फलाटावर असाल तर 1512, इतरत्र 112 किंवा 103. फोनवर आधी जागा सांगा: मेट्रोच्या खांबाचा आकडा, बसथांब्याचं नाव, रिक्षाचा नंबर.

‘पुरावा कुठे आहे?’ तुमचा जबाब हाच पहिला पुरावा आहे. आरोपीचं नाव माहीत नसलं तरी गुन्हा ‘अनोळखी इसमा’विरुद्ध नोंदवता येतो. घाई करायची ती सीसीटीव्हीसाठी. दुकानाच्या डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, म्हणून कोणत्या दुकानाचा कॅमेरा, कोणती वेळ, हे तक्रारीतच लिहा. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मूळ फाईल म्हणून जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवला की त्याचा दर्जा घसरतो आणि वेळेची माहिती गळते.

‘चकरा माराव्या लागतात.’ तपासासाठी साक्षीदार स्त्रीला घराबाहेर बोलावता येत नाही, अधिकाऱ्याने घरी यायचं असतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 179). खटला मात्र रेंगाळतो आणि 7 वर्षांखालच्या गुन्ह्यांत लगेच अटक होईलच असं नाही. आधी नोटीस निघू शकते. हे माहीत असलं की तक्रार केली तरी तो मोकळाच फिरतोय, असं वाटून मन खचत नाही.

‘तिथेच वाजवा.’ हात झटकणं, ढकलून सुटणं हा तुमचा हक्क आहे. पण तो मागे हटल्यावर जमावाने चोपला, की मारहाणीची उलट तक्रार येते आणि मूळ गुन्हा बाजूला पडतो. पकडायचंच असेल तर कायद्यात वाट आहे: डोळ्यांदेखत 74 घडलं तर कोणीही नागरिक त्याला धरू शकतो, मात्र विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त 6 तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. नुसत्या शेऱ्यांसाठी ही मुभा नाही, कारण तो गुन्हा जामीनपात्र आहे.

जाब विचारण्याची जोखीमही मोठी असते. 2011 मध्ये अंधेरीच्या आंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवणाऱ्या दोन तरुणांवर हल्ला झाला, दोघांचाही जीव गेला. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. म्हणून बाजूला उभ्या असलेल्यांनी थेट त्याच्या अंगावर जाऊ नये. तिच्याशी ओळखीचं असल्यासारखं बोलायला लागा, ‘अगं, चल, बस आली’. एकाला 112 लावायला सांगा, दुसऱ्याला अंतरावरून चित्रण करायला. आणि निघण्याआधी तिला आपला नंबर द्या, म्हणजे जबाबात साक्षीदाराचं नाव घालता येईल.