धरणी हलणार नाही, तरीही समुद्र येईल

28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार साडेतीनच्या थोडे आधी, आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्याजवळ, पसनी गावासमोरच्या समुद्रतळाखाली 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईत पोचली ती सकाळी सव्वाआठच्या सुमारास. तिची उंची साधारण दोन मीटर होती. वर्सोवा, हाजी अली आणि आसपासच्या किनाऱ्यावरून पंधरा माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. दांडा आणि जुहू येथे नांगरलेल्या होड्या दोर तुटून भरकटल्या. भूकंप आणि लाट यांच्यामध्ये जवळजवळ पाच तास होते, आणि त्या पाच तासांत किनाऱ्यावरच्या कोणालाही काही कळण्याचा मार्ग नव्हता. ही घटना मी येथे मांडतो आहे, कारण महाराष्ट्राच्या किनाऱ्याला मोठ्या त्सुनामीचा धोका मुख्यतः त्याच दिशेने आहे, आणि आपले सरकारी नियोजन या पाच तासांकडे पुरेशा गांभीर्याने पाहत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

त्सुनामीविषयी जगभर जे पहिले शिक्षण दिले जाते, ते असे की जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, तर कोणाच्याही सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. हे शिक्षण खरे आहे आणि त्याने जीव वाचतात. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर 1907 च्या लाटेची आठवण घराघरांतल्या गोष्टींतून टिकली होती, आणि 26 डिसेंबर 2004 रोजी भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ असूनही सुमारे 78 हजार वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात माणसे दगावली. परंतु हे शिक्षण जसेच्या तसे कोकणात आणून उपयोग नाही. मकरानमध्ये भूकंप झाला तर त्याचे हादरे श्रीवर्धन, दापोली किंवा मालवणला झोपमोड करण्याइतके तरी जाणवतील याची काहीही शाश्वती नाही. निसर्गाने दिलेला पहिला इशारा येथे मिळणारच नाही असे धरून चालावे लागेल, आणि मग उरतो तो एकच इशारा, सरकारचा. जपानमधल्या एखाद्या गावापेक्षा कोकणातले गाव सरकारच्या शब्दावर कितीतरी अधिक अवलंबून आहे.

आता महाराष्ट्राचा आपत्तीविषयक अनुभव कोणत्या घटनांतून घडला ते पाहा. 1967 साली कोयना, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली, आणि तेही अशा प्रदेशात, जो त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत सुरक्षित गटात मोडत होता. त्यानंतर राज्याने जे पुनर्वसन केले आणि देशात प्रथमच राज्यस्तरीय आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार केला, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र त्या अनुभवातून आलेल्या नियोजनाचा स्वभाव किल्लारीचाच राहिला. भूकंप वेळ देत नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत सरकारचे काम आधी असते, म्हणजे घर कसे बांधायचे आणि बांधकामाला परवानगी कशी द्यायची हे ठरवण्याचे, किंवा नंतर असते, म्हणजे ढिगारे उपसण्याचे, जखमींचे आणि मदतवाटपाचे. मकरानच्या लाटेचे सगळे काम मधल्या वेळात आहे. भूकंप आणि त्सुनामी हे दोन्ही विषय आराखड्याच्या एकाच प्रकरणात, एकाच जबाबदारी-तक्त्यात बसवले की हा मधला वेळ आपोआप गळून पडतो.

तांत्रिक बाजूने आपण मागे नाही, आणि हे सांगताना मला समाधान वाटते. 2004 च्या संहारानंतर हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे इन्कॉईसमध्ये, ऑक्टोबर 2007 पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र अहोरात्र चालते. भूकंपमापकांच्या जाळ्यावरून पहिले पत्रक साधारण दहा मिनिटांत निघते. त्यानंतर समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरची भरतीमापक यंत्रे लाट खरोखर निर्माण झाली आहे की नाही हे सांगतात. हिंदी महासागरातील इतर देशांनाही हे केंद्र सूचना पुरवते. लाटेचा वेगही ठाऊक असतो. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे 700 किलोमीटर धावते, पण पन्नास मीटर खोलीवर तिचा वेग ताशी 80 किलोमीटरपर्यंत उतरतो, आणि मुंबईसमोर समुद्र फार दूरवर उथळ असल्यामुळेच 1945 मध्ये तिला एवढा वेळ लागला. म्हणजे विज्ञान आपल्याला चार-साडेचार तास हातात काढून देते. प्रश्न त्यापुढचा आहे.

इन्कॉईसच्या पत्रकात वॉर्निंग, अलर्ट आणि वॉच अशा तीन पायऱ्या असतात. पहिलीचा अर्थ किनारा रिकामा करा, दुसरीचा अर्थ पाण्यापासून दूर राहा, आणि तिसरीचा अर्थ लक्ष ठेवा. हे पत्रक केंद्रीय गृह मंत्रालयाकडून राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तेथून जिल्ह्याकडे येते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि वाहतूक रोखण्यापासून लोकांना हलवण्यापर्यंतचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. कागदावर साखळी पूर्ण आहे. पण शनिवारच्या रात्री दोन वाजता पत्रक आले, तर तहसीलदारापासून पोलीस पाटलापर्यंत ते किती मिनिटांत पोचते, आणि पोलीस पाटलाने दार वाजवून नेमके कोणते वाक्य म्हणायचे, हे ठरलेले आहे का? मुंबईत तर किनाऱ्यावर महापालिका, पोलीस, बंदर प्राधिकरण, मेरीटाइम बोर्ड, मत्स्यव्यवसाय विभाग आणि नौदल असे अनेक मालक आहेत. 2025 च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद केली, ती योग्यच आहे. पण वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ध्वनिक्षेपक घेऊन कोण उभे राहणार, याचे उत्तर कायद्यात सापडत नसते.

वेळ हाताशी असूनही माणसे कशी मरतात, याचे उदाहरण हवाई बेटांवरच्या हिलो शहराचे आहे, आणि कोकणातील प्रत्येक अधिकाऱ्याने ते अभ्यासावे असे मला वाटते. मे 1960 मध्ये चिलीला झालेल्या महाभूकंपाची लाट प्रशांत महासागर ओलांडून हिलोला पोचायला सुमारे पंधरा तास लागले. इशारा मिळाला होता. रात्री साडेआठच्या सुमारास शहरात भोंगे वाजले, आणि सर्वांत मोठी लाट आली ती मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. तरीही 61 माणसे गेली. भोंगा बहुतेकांनी ऐकला होता; मात्र त्याचा अर्थ ‘निघा’ असा आहे की ‘पुढच्या सूचनेची वाट पाहा’ असा, याविषयी गोंधळ होता, कारण भोंग्यांची पद्धत थोड्याच काळापूर्वी बदलण्यात आली होती. पहिल्या लाटा लहान आल्या म्हणून काही लोक परत फिरले, काही जण पाहायला थांबले. आपल्याकडे पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किती गर्दी जमते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हिलोची ती रात्र समजावून सांगावी लागणार नाही.

चुकीच्या इशाऱ्याचीही एक बाजू आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर चारच दिवसांनी, 30 डिसेंबरला, केंद्र सरकारने एका परदेशी खासगी संस्थेच्या अंदाजावर विसंबून नव्या लाटेचा इशारा दिला. तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर आधीच होरपळलेली माणसे पुन्हा जीव घेऊन पळाली, आणि त्याच दिवशी तो इशारा निराधार ठरला. तेव्हा देशाकडे स्वतःचे केंद्र नव्हते, आज आहे. तरीही प्रशासनाच्या मनातली ‘उगाच घबराट नको’ ही भीती गेलेली नाही, आणि ही भीती निर्णयाला उशीर लावते. 30 जुलै 2025 रोजी रशियातील कामचटकाच्या 8.8 तीव्रतेच्या भूकंपानंतर जपानने सुमारे वीस लाख लोकांना हलण्याच्या सूचना दिल्या, आणि प्रत्यक्षात त्यांच्या किनाऱ्यावर लाट दीड मीटरच्या आतच राहिली. म्हणून सरकार हास्यास्पद ठरले, असे तिकडे कोणी फारसे म्हटले नाही. आपल्याकडे अशा दिवशी दुसऱ्या सकाळी काय काय लिहिले जाईल याची कल्पना मला आहे, आणि त्यात आपल्यासारख्या समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांचाही वाटा असेल.

कामचटकाच्या त्याच भूकंपानंतर हवाईतील होनोलुलूत बाहेर पडणाऱ्या मोटारींनी रस्ते तुंबले. मुंबईत तर पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना मोटारीने शहराबाहेर काढण्याचा विचारही करू नये. येथे आपली परिस्थिती जपानपेक्षा सोपी आहे, आणि ही गोष्ट आराखड्यात ठळक अक्षरांत असायला हवी. दूरच्या भूकंपाने आपल्या इमारती तडकलेल्या नसतील, त्यामुळे भक्कम काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा-चौथा मजला हेच जवळचे उंच ठिकाण आहे. कोणत्या शाळा, कोणती वाहनतळे, कोणत्या सोसायट्यांचे जिने अशा वेळी उघडे ठेवायचे, हे वॉर्डनिहाय आधी ठरवता येते. सोसायटीच्या रखवालदाराने रात्री अडीच वाजता कोळीवाड्यातल्या पन्नास माणसांना आत घ्यावे की नाही, हा प्रश्न त्या रात्रीवर सोडण्यासारखा नाही.

कोकणातल्या गावांना तर निसर्गानेच जिना दिला आहे. बहुतेक ठिकाणी वाडीच्या मागे टेकडी आणि वर सडा, म्हणजे सपाट कातळमाथा असतो, आणि तिकडे जाणारी जुनी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाटही असते. त्यातल्या अनेक पाखाड्या आता वापराविना झाडोऱ्यात गेल्या आहेत, काहींवर कुंपणे आली आहेत. त्या साफ करणे, तुटलेल्या पायऱ्या बसवणे, एखादा सौरदिवा आणि बाणाची पाटी लावणे, एवढे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. खाडीकाठच्या गावांकडे मात्र वेगळे लक्ष हवे. समुद्र दिसत नाही म्हणून तेथे धोका जाणवत नाही, पण लाटेचे पाणी खाडीत शिरून आत बरेच दूर चढू शकते.

चक्रीवादळासाठी बांधलेले निवारे त्सुनामीसाठीही चालतील, असे सरसकट धरले जाऊ नये. राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून किनाऱ्यावर निवारे आणि भूमिगत वीजवाहिन्या यांची कामे झाली आणि होत आहेत, आणि जून 2020 च्या निसर्ग वादळाने वीज आणि मोबाइल यांची काय अवस्था केली ते रायगड-रत्नागिरीने भोगलेले असल्यामुळे त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु वाऱ्यापासून वाचायला छप्पर लागते, तर या लाटेपासून वाचायला उंची लागते. त्यात भरतीचा हिशेबही धरावा लागतो. मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि ओहोटीला तेच पाणी फार खाली उतरते. म्हणून दोन मीटरची तीच लाट ओहोटीला आली तर वाळूवरच थांबेल आणि उधाणाला आली तर घरात शिरेल. महापालिका दरवर्षी मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करतेच. त्सुनामीच्या पत्रकाशेजारी त्या वेळा ठेवणे अवघड नाही.

सर्वांत दुर्लक्षित विषय होड्यांचा आहे. पाच तास मिळाले की नाखवा पहिल्यांदा काय करील, तर बंदराकडे धावेल. कारण कर्ज काढून घेतलेली बोट, इंजिन आणि जाळी तेथे आहेत. त्याला केवळ ‘बंदरावर जाऊ नका’ असे सांगून भागणार नाही. बोट बाहेर न्यायची असेल तर किती वाजेपर्यंतच, त्यानंतर जेटी बंद, आणि नुकसान झाले तर भरपाई कोणत्या दराने व किती दिवसांत, हे मच्छीमार सोसायट्यांशी बसून आधीच लेखी ठरवावे लागेल. बोटींना खोल समुद्रात न्या, ही जागतिक सूचना मुंबईसमोर तितकीशी लागू पडत नाही, कारण येथे खरा खोल समुद्र फार लांब आहे आणि एवढ्या वेळात साधी बोट तेथपर्यंत जाऊ शकत नाही. निदान आधीच बाहेर असलेल्या तांडेलांना वायरलेसवरून ‘परत येऊ नका’ हा निरोप वेळेत मिळाला पाहिजे, आणि तो मराठीत मिळाला पाहिजे. 2023 मध्ये मोबाइलवर एकाएकी मोठ्या आवाजात चाचणीचे संदेश आले होते ते अनेकांना आठवत असेल. ती यंत्रणा चांगली आहे, पण किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलला रेंज नसते.

आणखी एक आदेश आहे, ज्याचा विचार सहसा कोणी करत नाही. तो म्हणजे परतण्याचा. त्सुनामी ही एक लाट नसते, पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असे नाही, आणि पाणी कित्येक तास खालीवर होत राहते. ‘आता घरी जा’ हे कोणी सांगायचे, कोणत्या शब्दांत, आणि तोपर्यंत सड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना पाणी कोण देणार, हे ठरलेले नसेल तर लोक दुसऱ्या तासाला स्वतःच निर्णय घेतील.

हे सगळे अशक्यप्राय नाही, याचा पुरावा ओडिशात आहे. युनेस्कोच्या आंतरसरकारी महासागरीय आयोगाने ‘त्सुनामी रेडी’ गावांसाठी बारा निकष ठरवले आहेत. त्यांत गावाचा धोका-नकाशा, बाहेर पडण्याच्या वाटा, फलक, चोवीस तास इशारा घेणारी व्यवस्था आणि नियमित सराव यांचा समावेश आहे. 2020 मध्ये ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना ही मान्यता मिळाली, आणि 2024 मध्ये तेथील चोवीस गावांना. महाराष्ट्राला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात किनारी जिल्हे आहेत. प्रत्येकात एक गाव किंवा एक कोळीवाडा निवडून सुरुवात करायला वेगळा कायदा लागत नाही. हिंदी महासागरातील देशांचा ‘आयओवेव्ह’ हा सराव ठरावीक वर्षांनी होतो आणि त्यात मकरानच्या भूकंपाचा प्रसंगही घेतला गेला आहे. आपल्याकडे तो नियंत्रण कक्षांपुरता न राहता या सात ठिकाणी माणसांना प्रत्यक्ष पाखाडीने आणि जिन्याने चालवून व्हावा, पोलीस पाटलाला निरोप मिळाल्याची वेळ आणि शेवटचे माणूस वर पोचल्याची वेळ या दोन्ही नोंदी जाहीर व्हाव्यात, आणि सरावासाठी दिवस निवडताना दुपारची ओहोटी नको, रात्रीचे उधाण घ्यावे, एवढी माझी मागणी आहे.