टेम्पुरा जपानीच आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेम्पुरा (पिठात बुडवून तळलेली कोळंबी, मासे, भाज्या) पोर्तुगिजांचा, टोनकात्सु (ब्रेडचा चुरा लावून तळलेलं डुकराचं मांस) युरोपचा, रामेन (रश्शातले नूडल्स) चीनचं आणि करी तर आपलीच, तेव्हा ‘पारंपरिक जपानी पदार्थ’ या माझ्या लेखाला काही अर्थच उरत नाही. पदार्थ कुठून आले हे तुम्ही बरोबर सांगितलंत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले आणि १६३९ मध्ये त्यांना जपानची दारं बंद झाली. पिठात बुडवून तळायची त्यांची रीत तेवढी मागे राहिली. पोर्तुगालमध्ये आजही फरसबीच्या शेंगा तशा तळतात. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ही रीत रस्त्यावरच्या टपऱ्यांवर वाढली. लाकडी घरांच्या त्या शहरात आगीची धास्ती कायम, त्यामुळे तापलेल्या तेलाची कढई घराबाहेरच बरी. समोरच्या खाडीतली कोळंबी नि मासे काडीला टोचून तळायचे, सोया सॉस घातलेल्या पातळ रसात बुडवायचे, सोबत किसलेला मुळा. आजचा आचारी पीठ कसं कालवतो ते बघा: अंडं, बर्फासारखं गार पाणी, मैदा, आणि चॉपस्टिकने जेमतेम ढवळणं. गुठळ्या राहिल्या तर राहू देतात, कारण पीठ घोटलं की मैद्याला चिकटपणा सुटतो आणि वरचं आवरण चामट होतं. हे शहाणपण जहाजातून आलेलं नाही. कढईपाशी उभं राहून पिढ्यान् पिढ्यांनी ते कमावलंय.

टोनकात्सुला तुमचा आक्षेप जास्त लागू पडतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योच्या गिन्झा भागातल्या रेंगातेईसारख्या उपाहारगृहांत घडला आणि जपानी माणसंही त्याला बहुधा ‘योशोकु’त, म्हणजे पाश्चात्त्य वळणाच्या जेवणात धरतात. टेम्पुराला मात्र ती बिनदिक्कत ‘वाशोकु’, म्हणजे जपानी जेवण म्हणतात. हा फरक त्यांनीच केलेला आहे आणि तो आपण मानायला हवा.

तुमची कसोटी आपल्याकडे लावून बघा. उपासाच्या साबुदाणा खिचडीतला बटाटा, मिरची, शेंगदाणे, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदसुद्धा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. म्हणून एकादशीची खिचडी परकी ठरते का? मला तरी ती आपलीच वाटते.

राहता राहिली करी. जपानच्या घराघरांत शिजते ती मैद्याने दाट केलेली करी इंग्रजांमार्फत गेली, हे खरं. पण क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटले, तेव्हा त्यांना तोक्योच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने लपवलं. पुढे त्याच घरातल्या तोशिकोशी त्यांचं लग्न झालं. बोस यांच्या आग्रहामुळे नाकामुरायाने १९२७ मध्ये मसाल्यांची, हाडासकट कोंबडीची भारतीय करी विकायला सुरुवात केली आणि ती आजही तिथे मिळते. म्हणजे एकाच देशात दोन वाटांनी करी पोचली आणि दोन्ही रुजल्या. पुढचा लेख याच विषयावर लिहायचा विचार आहे. तुम्ही नाकामुरायाची करी खाल्ली असेल तर जरूर कळवा.