रायगड ट्रिपच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एकच स्टार बघून वाईट वाटलं, पण उशिराचं जे लिहिलंय ते शंभर टक्के खरंय. सहाला निघायचं ठरलेलं, आमचा ड्रायव्हर आला साडेसातला, आणि श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव करत गडाच्या पायथ्याच्या पाचाडला पोचायलाच अडीच-तीन तास जातात, त्यात रविवार, म्हणजे रोपवेला लाईन असणारच, तुमच्या बाबांना उन्हात ताटकळावं लागलं. चूक आमची. गाडीचं अर्धं भाडं आज परत पाठवतोय.

पण "राजवाडा दाखवतो म्हणाले आणि वर नुसते चौथरे, बघण्यासारखं काहीच नाही" हे तुम्ही लिहिलंत ना, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. ताई, वाडे होते हो, लाकडी होते. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागली, वाडे जळून गेले, उरली ती जोती. आता बघायचं ते त्या जोत्यांतच. राणीवशात ओळीने महाल आहेत त्यात प्रत्येकाला वेगळं शौचकूप आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वी, एवढ्या उंच डोंगरावर! ६ जून १६७४ ला महाराजांचा राज्याभिषेक झाला ती राजसभा तर अशी बांधलीय की सिंहासनापाशी हळू बोललेलं पार नगारखान्याच्या दारात ऐकू येतं, मी लहानपणी वडिलांसोबत गेलो तेव्हा ते तिकडे उभे राहिले होते आणि मला इकडे त्यांचं कुजबुजणं ऐकू आलं, अजून अंगावर काटा येतो. आणि गडावरच्या जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी" कोरलंय. एवढा गड उभा केला त्या माणसाने, आणि नाव कुठे, तर पायरीला. तुम्ही बहुतेक त्यावरूनच आत गेला असाल, कोणी सांगितलंच नाही.

सांगायला माणूस आम्हीच द्यायला हवा होता, पॅकेजमध्ये गाइड ठेवलाच नव्हता. आता प्रत्येक ट्रिपला पाचाडचा गाइड असेल, त्याचे पैसे वेगळे घेणार नाही.

थंडीत पुन्हा या, मधल्या वारी, पहाटे पाचला मी स्वतः गाडी काढतो, गाइड आमच्याकडून. उशिरामुळे पाचाडला जिजाऊंची समाधी राहिली तुमची, ती खालीच आहे, बाबांना चढायला लागणार नाही, आधी तिथेच थांबू.