‘आजीच्या काळी कचराच नव्हता’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उन्हाळा लागला की भावकीच्या, बचत गटाच्या, पोरांच्या शाळेच्या अशा सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: आजीच्या घरात कचऱ्याचा डबाच नव्हता. चुलीवरचं खाऊन माणसं शंभरी गाठायची. भांडी राखेने घासायची, जेवण केळीच्या पानावर, पाणी विहिरीचं. काहीही फेकलं जात नव्हतं. मग गॅस आला, शाम्पू आला, पाकिटं आली, बायांना त्यांची सवय लागली आणि निसर्गाचा घात झाला. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘आजच्या बायांनी आळस सोडून आजीसारखं घर चालवलं, तर पर्यावरण आपोआप वाचेल. पटलं तर पुढे पाठवा.’

मला पटलेलं नाही. मी काटकसरीच्या विरोधात नाही. आमच्या घरी शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, भाजीची देठं गोठ्यात जातात आणि जुन्या लुगड्याची गोधडीही होते. पण या मजकुरात खरं आणि खोटं एकाच पातेल्यात कालवलंय, आणि सगळं ओझं शेवटी घरातल्या बाईच्या डोक्यावर ठेवलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

कचऱ्याचा डबा नव्हता, हे खरं. कारण विकत आणलेलं जवळपास सगळं कुजणारं होतं. पुडी कागदाची, सुतळी तागाची, टोपली बांबूची. उरलंसुरलं उकिरड्यावर जायचं आणि उकिरडा उन्हाळ्यात गाडीत भरून वावरात. ती व्यवस्था चांगलीच होती. पण म्हणून गाव स्वच्छ होतं, असं म्हणू नका. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, 1876 साली शेंडगावात जन्मलेले. हातात खराटा घेऊन त्यांनी आयुष्यभर गावोगाव काय झाडलं? दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडायची, हे त्यांचं काम 1956 पर्यंत चाललं. घाण होती म्हणूनच त्यांना खराटा घ्यावा लागला. नाल्या तुंबलेल्या, हागणदारी रस्त्याच्या कडेला, पावसाळ्यात पटकीची साथ. हे आजीच्याच काळातलं आहे.

‘माणसं शंभरी गाठायची’ याबद्दल फार लिहीत नाही. 1951 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलंय. सरासरी इतकी खाली होती कारण लेकरं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जायची आणि बाया बाळंतपणात जायच्या. ज्यांची आजी नव्वदीपर्यंत जगली त्यांना ती आठवते. पाळण्यात गेलेली भावंडं आठवायला मागे कोणी उरलं नाही.

आता चूल. या मुद्द्यावर मी थांबणार आहे, कारण चुलीच्या चवीचं कौतुक करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती रोज सकाळी पेटवलेली नाही.

पावसाळ्यातली सकाळ घ्या. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) सादळलेली, तुराट्या (तुरीच्या काड्या) संपत आलेल्या, गोवऱ्या आतून ओल्या. फुंकणीने फुंकून फुंकून जाळ धरत नाही. मग हाताशी असेल ती पन्नी सरपणाखाली सरकवतात: कुरकुऱ्यांचं पाकीट, बियाण्याच्या पिशवीचा तुकडा, दुधाची पिशवी. ती भस्सकन पेटते, वितळून थेंब थेंब गळते आणि काळा, घशाला झोंबणारा धूर त्या बाईच्या तोंडावर येतो. कडेला बसलेलं लेकरूही तोच धूर घेतं. माझ्या सासूबाईंना मी हा मजकूर वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, “चुलीपाशी बसू बसू डोये गेले माहे, अन् यायले चव सुचते.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या असल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख माणसं गेली. त्यात बाया आणि पाच वर्षांखालची लेकरं फार मोठ्या संख्येने. हा प्रश्न आज कोणी शहरातून आणून आपल्यावर लादलेला नाही. 1980 च्या दशकात सरकारने निर्धूर चुलीची योजना गावोगाव नेली, ती धूर त्रास देत होता म्हणूनच. शिवाय साधी चूल सरपण वाया घालवते. लाकडातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकीची भिंतींना आणि हवेला. म्हणजे जे सरपण ‘फुकट’ म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा डोळ्यांतून पाणी काढून उडून जातो.

आणि ते फुकट तरी कुठे आहे? चंद्रपूरकडे, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला जंगलात गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तिथल्या बाईला ‘चुलीकडे परत जा’ म्हणताना आपण तिला कुठे पाठवतोय याचा विचार करा.

मी चूल मोडा म्हणत नाही. उज्ज्वला योजना 2016 साली आली, बहुतेक घरांत गॅस पोचला, पण सिलिंडर भरायचा तर मजुरीचे किती दिवस जातात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि भाकर, आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी आमच्याकडे विभागणी असते. पऱ्हाटी तशीही निघतेच. ती वावरात पेटवून देण्यापेक्षा चुलीत गेलेली बरी. पण चूल घराच्या आत कशाला हवी? पडवीत किंवा अंगणात, वाऱ्याच्या बाजूने मांडली तरी धूर बराच टळतो. तुरीची डाळ आधी भिजत घातली आणि कुकर लावला तर सरपण आणि गॅस दोन्ही वाचतं. चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅस होतो, दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण पुरतं. पण ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या आणि गोठे रिकामे झाले, हेही लक्षात घ्यायला हवं.

राखेने भांडी घासणं चांगलं आहे, मीही घासते. फक्त चुलीत पन्नी जाळायची आणि तीच राख ताटाला लावायची, हे आजीच्या काळी नव्हतं. प्लास्टिक जाळलं की विषारी द्रव्यं तयार होतात, त्यातली काही राखेत राहतात. राख वापरायची असेल तर चुलीत पन्नी घालू नये, इतकी साधी अट आहे.

केळीचं पान तर आमचं नाहीच. केळी जळगावकडची. विदर्भात पंगत बसायची पळसाच्या पत्रावळीवर, आणि ती आणायची असेल तर जरूर आणा, भाव न पाडता आणा. मात्र आज लग्नात पत्रावळी म्हणून जी चकचकीत कागदी ताटं येतात, त्यांच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती कुजत नाहीत. थर्माकोलची ताटं तर राज्यात 2018 पासूनच बंद आहेत, तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर जाऊन बघा.

विहिरीच्या पाण्याबद्दल हा मजकूर लिहिणारा नक्कीच पूर्णा नदीकाठचा नाही. आमचा भाग खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. इथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. पिढ्यान्पिढ्या लोकांनी हे पाणी प्यायलं, ते दुसरं नव्हतं म्हणून. तिकडे यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे, दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. या गावांतली घरं वीस लिटरचे कॅन विकत घेतात म्हणून त्यांना चंगळखोर म्हणू नका. नळाचं गोडं पाणी रोज आलं, तर कॅन कोण घेईल?

‘काहीही फेकलं जात नव्हतं.’ या वाक्यावर मला सगळ्यात जास्त भीती वाटते. कारण काही वस्तू फेकायलाच हव्यात, आणि नीट फेकायला हव्यात. कपाशीच्या फवारणीच्या औषधाची रिकामी डबकी, म्हणजे डबे, धुऊन त्यात पाणी भरून वावरात नेणारे मी पाहिलेत. एका घरी तर डबकीत मीठ ठेवलेलं पाहिलं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच औषधाचा अंश प्लास्टिकला चिकटून राहतो आणि धुऊन जात नाही. अशी डबकी तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्याच पंपात ओतावं, मग भोकं पाडून निकामी करावी. पुन्हा वापरायची काटकसर इथे चालत नाही.

कपड्यांचं उलटं आहे. तिथे वापरण्याआधी, विकत घेतानाच थांबायला हवं. आजीची लुगडी सुती होती, दोन-तीनच होती, विरली की गोधडी आणि गोधडी विरली की पायपुसणं. आताच्या साड्या पॉलिस्टरच्या, न विरणाऱ्या आणि घाम न टिपणाऱ्या. त्यातल्या अर्ध्याअधिक आपण स्वतःसाठी घेतलेल्याही नसतात. त्या असतात ‘देण्याघेण्याच्या’. एका लग्नात आलेली साडी पिशवीतून न काढता दुसऱ्या लग्नात जाते, तिथून तिसऱ्या. शर्टपीस, टॉवेल, टोपी यांचंही तेच. शेवटी पिशवी फाटली की पेटीच्या तळाशी. मी जबाबदार खरेदीचा विचार करते तेव्हा मला शाम्पूची पुडी नंतर आठवते, हा आहेर आधी आठवतो. एकेका लग्नात शेकडो कपडे असे फिरतात, आणि ते घेण्यासाठी कर्जही काढलं जातं. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, हे गाडगेबाबाच सांगत गेले. आमच्या भावकीत आता आहेर बंद आणि पंगतीला बचत गटाची स्टीलची ताटं-ग्लास भाड्याने, असं ठरलंय. मोठ्या माणसांची नाराजी झाली, पण निभावलं.

कापडी पिशवीचंही तसंच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अभ्यासात दिसलं की नवी सुती पिशवी हवामानाच्या हिशेबाने पातळ प्लास्टिकच्या पिशवीइतकी परवडायला किमान पन्नासेक वेळा वापरावी लागते, आणि पाणी-खत वगैरे सगळं धरलं तर हजारो वेळा. कापूस आपल्याच वावरात पिकतो, त्याला किती खत, किती फवारणी लागते हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून कार्यक्रमात फुकट वाटलेल्या दहा नव्या पिशव्यांपेक्षा जुन्या ओढणीची एक शिवलेली पिशवी बरी.

राहिल्या पुड्या. किराणा दुकानात माळेसारख्या लटकतात त्या शाम्पूच्या, तेलाच्या, कपड्यांच्या पावडरीच्या. मजकूर म्हणतो, बायांना सवय लागली. ज्या घरात मजुरी रोजची येते, तिथे खरेदीही रोजची होते. आणि शाम्पू तर कित्येकदा बाटलीपेक्षा पुडीतच स्वस्त पडतो. ही पुडी एकावर एक थर चिकटवून बनवलेली असते, भंगारवाला ती घेत नाही, तिचं पुन्हा काही होत नाही. ती बनवणाऱ्याला जाब न विचारता विकत घेणाऱ्या मजूर बाईला दोष देणं मला मान्य नाही. गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून घाण्यावरून तेलाचा डबा आणला आणि वाटून घेतला, तर तेवढ्या पुड्या कमी होतात. आम्ही ते करतो. शाम्पूवर असा उपाय अजून सापडलेला नाही.

आता ‘आळस’. आजी पहाटे उठून जात्यावर दळायची, आडावरून गुंडात (मोठ्या घागरीत) पाणी आणायची, शेण काढायची, गोवऱ्या थापायची, मग वावरात निंदायला जायची आणि रात्री सगळे जेवल्यावर उरलेलं खायची. त्या घराला कचरा नव्हता कारण त्या घरातल्या प्रत्येक उरल्यासुरल्या वस्तूमागे तिचे हात होते. आजही फार बदललेलं नाही. सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्यांमध्ये बाया दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. पन्नी वेगळी करणं, राख चाळणं, डाळ भिजवणं, पिशवी शिवणं ही सगळी कामं याच 289 मिनिटांत आणखी घालायची का? ग्रुपवर हा मजकूर पाठवणाऱ्या भाऊंना, काकांना, दीरांना माझं थेट म्हणणं आहे: बाजाराला जाताना पिशवी तुम्ही घेऊन जा. सुपारी-तंबाखूचा खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घेऊ नका, आमच्या रस्त्यांवरचा बराचसा कचरा त्या पन्न्यांचाच आहे. औषधाची डबकी घरात येऊ देऊ नका. चुलीचं सरपण तुम्ही फोडा आणि एकदा पावसाळ्यात ती पेटवूनही बघा.

आणि वेगळी केलेली पन्नी जाणार कुठे, हेही विचारा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात, 2020 पासून, तालुक्याला प्लास्टिक कचऱ्याचं एक केंद्र उभारायला 16 लाखांपर्यंत निधी ठेवला गेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के हिस्सा फक्त पाणी आणि स्वच्छतेवर खर्च करायचा होता. आपल्या ग्रामपंचायतीला त्यातले किती आले, कुठे गेले, पन्नी तालुक्याला कोण नेतं, खारपाणपट्ट्यातल्या गावाला गोडं पाणी रोज का येत नाही, हे ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. पुढच्या वेळी आमच्या गावची सभा लागली की मी हे चारही प्रश्न लिहून नेणार आहे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही.