पब, परवाना आणि आठवड्याची एक पेनी

इंग्लंडमधले पब आणि जहाल राजकारण म्हटलं की गाडी हमखास मार्क्सच्या बिअरपाशी येऊन थांबते. सोहोतल्या 'रेड लायन' पबच्या माडीवर 1847 च्या अखेरीस कम्युनिस्ट लीगचं अधिवेशन भरलं आणि जाहीरनामा लिहायचं काम मार्क्स-एंगल्सच्या गळ्यात पडलं, हे खरंच. पण मला त्याहून भावतो थॉमस हार्डी. (कादंबरीकार नव्हे, हा बूट शिवणारा!)

जानेवारी 1792. स्ट्रँडजवळ एक्सेटर स्ट्रीटवरचा 'द बेल'. हार्डी धरून जेमतेम नऊ माणसं. आधी पाव, चीज आणि पोर्टर नावाची काळपट बिअर, मग चिलमी, मग महागाईच्या नावाने बोटं मोडणं. एवढं झाल्यावर मुद्दा निघाला संसद सुधारण्याचा, म्हणजे सामान्य माणसालाही मत मिळण्याचा. आपल्यासारख्या कारागीर-दुकानदारांना असलं काही मागायचा हक्क तरी आहे का, यावर पाच रात्री खल चालला. ठरलं, आहे! वर्गणी आठवड्याला एक पेनी आणि सभासद कितीही. ही 'लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटी'.

यात दारूचं श्रेय फारसं नाही, असं माझं मत. कारागिराच्या खोलीत दहा माणसं मावत नाहीत, सभागृहाचं भाडं परवडत नाही. पबवाला खोली द्यायचा, मंडळींनी बिअर घेतली की त्याचं भागायचं. सरकारने नेमकी हीच नस पकडली. पबचा परवाना दरवर्षी मॅजिस्ट्रेटकडून नवा करून घ्यावा लागे. त्याच वर्षाच्या शेवटी पबमालकांना दम भरला गेला आणि सोसायटीच्या तुकड्यांना एकेका पबमधून बाहेरची वाट धरावी लागली. भाषणावर बंदी घालायचीही गरज नाही, पोटावर पाय दिला की झालं. 1794 मध्ये हार्डीवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्यूरीने त्याला सोडलं, हा भाग वेगळा.

आणि पब कुणा एका पक्षाचा नव्हताच. स्ट्रँडवरच्या 'क्राउन अँड अँकर'मध्ये सुधारणावाद्यांच्या मेजवान्या झडत, आणि नोव्हेंबर 1792 मध्ये जॉन रीव्हजने त्यांच्याविरुद्धची राजनिष्ठ संघटना काढली तीही तिथेच. दार सगळ्यांना उघडं, म्हणजे हेरालाही. 1820 मध्ये केटो स्ट्रीटच्या तबेल्यात मंत्रिमंडळाला मारायचा कट शिजला, तेव्हा समोरच्या 'हॉर्स अँड ग्रूम' पबमध्ये पोलीस पाळतीवर होते.

पुढे चार्टिस्ट चळवळीतल्या (कामगारांना मताचा हक्क मागणारी ती चळवळ) विल्यम लव्हेटला हे पबमधलं राजकारण खटकायचं. बायकांना तिथे मोकळेपणाने बसता येत नाही, पगार गल्ल्यात जातो. मुद्दा बिनतोड आहे. फक्त हार्डीच्या त्या नऊ जणांना 1792 मध्ये दुसरी जागा दिली कुणी असती?