माकडांना भरवणं बंद करा हो!
मॉरिशसला पाहुणे आले की मी त्यांना ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या इथल्या राष्ट्रीय उद्यानात नेतेच, आणि दरवेळी तेच, व्ह्यूपॉइंटवर समोर एवढी हिरवीगार दरी, लांबवर समुद्र आणि सगळ्यांची पाठ तिकडे, का तर माकडांना वेफर्स भरवायचेत! परवा एका बाईंनी पाकीट फाडलं, त्या आवाजासरशी चार माकडं रेलिंगवर हजर, एकीच्या तर पोटाला पिल्लू चिकटलेलं. अहो ही माकडं मूळची इथली नाहीतच, माणसांनीच आणलेली, पक्ष्यांची अंडी खातात. इथलं गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात जेमतेम १० उरलं होतं, केवढ्या कष्टाने वाचवलंय ते! सांगायला गेलं तर म्हणे, "मारुतीरायाला दोन केळी दिली तर काय बिघडतं?" बिघडतं ना! जीव तुटतो माझा बघून.