नव्या सिस्टरचं पहिलं वर्ष

आज १२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. सकाळपासून परिचारिका दिनाच्या शुभेच्छा येताहेत, सगळ्यांचे मनापासून आभार. पण आज मला दुसऱ्या एका नर्सबद्दल लिहायचंय: मार्लिन क्रेमर.

क्रेमर अमेरिकेतल्या. चांगल्या शिकलेल्या, हुशार मुली नोकरीला लागून थोड्याच काळात नर्सिंग का सोडतात, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. मुली नाजूक आहेत, हे सोपं उत्तर त्यांनी मानलं नाही. १९७४ साली त्यांचं 'रिॲलिटी शॉक' हे पुस्तक आलं. कॉलेजात शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग एकमेकींवर आदळतात आणि तो धक्का एकट्या नव्या मुलीला सोसावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. आधी नव्याचे नऊ दिवस, मग धक्का आणि संताप, मग हळूहळू सावरणं.

इन्चार्ज सिस्टर म्हणून काम करताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. चंदगड, आजरा, राधानगरीकडच्या मुली कोल्हापुरात येतात, होस्टेलवर राहून शिकतात. कॉलेजात एक पेशंट घेऊन त्याचा केअर प्लॅन लिहायचा, फाइल सजवायची, मॅडमकडून सही घ्यायची. आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अख्खा वॉर्ड अंगावर. एकीकडे ॲडमिशन, दुसरीकडे ऑपरेशनला न्यायचा पेशंट, राउंडला आलेले डॉक्टर, आणि दारातून हाक, "ओ शिस्टर, सलाईन संपलंय बघा!" त्यात एखादी सीनियर सगळ्यांदेखत म्हणते, "कॉलेजात काय शिकून आलीस गं?" पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडून येते आणि परत औषधांची ट्रॉली ढकलते.

क्रेमर यांचं मोठेपण मला पुढच्या कामात दिसतं. हा धक्का बसणार हे मुलींना शिकत असतानाच सांगायचं, वॉर्डातले खरे पेचप्रसंग त्यांच्यापुढे ठेवायचे आणि त्यातून वाट काढायची तयारी करून घ्यायची, असं प्रशिक्षण त्यांनी उभं केलं.

पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नर्स नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्यांनी घडते, हे मांडलं. अनुभवी सिस्टरला पेशंट बिघडतोय हे बीपी उतरायच्या आधी चेहऱ्यावरून कळतं. नवी मुलगी नियम धरून चालते, आणि तिनं तसंच चालायला हवं. ती नजर अनुभवानं येते, आणि तोवर तिच्याजवळ कुणीतरी असावं लागतं. अमेरिकेत २००२ पासून नव्या नर्ससाठी वर्षभराची रेसिडेन्सी, म्हणजे देखरेखीखाली काम करत शिकायची सोय, सुरू झाली, ती याच समजुतीतून.

आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला वर्षाची इंटर्नशिप असते, चुकलं तर वर रजिस्ट्रार, म्हणजे सीनियर डॉक्टर, असतो. नर्सची इंटर्नशिप मात्र कोर्समध्येच उरकते. रजिस्ट्रेशन झालं की ती 'स्टाफ', आणि ड्युटी लिस्टमध्ये तिचं डोकं जुन्या सिस्टरइतकंच मोजलं जातं. मला हे मान्य नाही. यात पेशंटलाही धोका आहे.

आणि "आम्ही नाही का शिकलो असंच?" हे वाक्य आता पुरे. शिकलो, पण किती मैत्रिणी मध्येच सोडून गेल्या, तेही आठवा.

कोल्हापुरातल्या मेट्रन मॅडमना आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. निदान एका वॉर्डात करून बघा. प्रत्येक नव्या मुलीमागे एक सीनियर नावानिशी नेमा, आणि त्या सीनियरचे पेशंट कमी करा, नाहीतर तिच्यावरही तो नुसता बोजाच होईल. सुरुवातीचे तीन महिने नवीला एकटीला नाइट लावू नका. आठवड्यातून तासभर नव्या मुलींना एकत्र बसू द्या, ड्युटीच्या वेळेत, इन्चार्ज समोर नसताना. शिकवायला हात कमी पडत असतील तर आम्ही रिटायर्ड सिस्टर आहोत की. मला कुठल्याही वॉर्डात बोलवा, मी येईन.